शब्द, मुदत आणि पेसा : केनियातील अल्प-उत्पन्न कुटुंबांची बचत व ऋण

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत द्रव्याला ‘पेसा’ असा शब्द आहे. तो हिंदुस्थानातील ‘पैसा’ या शब्दापासून आला, हे मत सामान्यतः मान्य झालेले आहे. आणि इतिहासही त्याला अनुकूल आहे. १८८८ मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मोंबासा येथे पैशाची नाणी प्रचारात आणली, आणि १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत रुपया हेच चलन होते. शंभर हजारांना स्वाहिलीत ‘लाकी’ म्हणतात. ‘हुंडी’ हा शब्द त्या भाषेत रूढ आहे. आणि ‘दुका’ व आपले ‘दुकान’ यांचे मूळ एकच आहे. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर शब्दही समुद्र ओलांडून गेले. याच ‘पेसा’च्या आरंभी ‘मोबाइल’ या शब्दाचे आद्याक्षर जोडून मार्च २००७ मध्ये केनियात ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू झाली. बँकेत खाते नसलेल्या माणसाने खिशातील दूरध्वनीच्या साह्याने पैसे ठेवावेत, पाठवावेत व काढावेत, अशी ही योजना होती. अल्पावधीत तिचा प्रसार इतका झाला की, जगातील अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले गेले.

मोबाइलवरील पैशाने गरीब कुटुंबाच्या बचतीत व ऋणात नेमके काय बदलले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. अर्थशास्त्र या प्रश्नाचे उत्तर रकमांच्या हिशेबाने देते. त्या हिशेबाच्या जोडीला या व्यवहारांची भाषा तपासून पाहिली असता एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात येते. गरीब कुटुंबाचे ऋण हा पुष्कळ अंशी दोन माणसांमधील बोलण्याचा व्यवहार असतो. आणि नव्या साधनाने एकीकडे माणसामाणसांतील हे बोलणे अधिक समर्थ केले, तर दुसरीकडे बोलण्यावाचूनचे ऋणही शक्य केले.

१. लहान रकमा व मोठी गरज

गरिबी म्हणजे उत्पन्न कमी असणे, एवढेच सामान्यतः ध्यानात घेतले जाते. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची अडचण दुहेरी असते. उत्पन्न अल्प असते आणि त्यातही ते अनियमित असते. आज काम आहे, उद्या नाही. सुगीत चार पैसे हाती येतात, पावसाळ्यात हात रिकामे राहतात. खर्च मात्र उत्पन्नाची वाट पाहत नाही. रोजचे धान्य, मुलांची फी, आजारपण, लग्न, मर्तिक हे सारे आपापल्या वेळी दारात उभे राहतात. म्हणून अशा कुटुंबाचा खरा प्रश्न असा असतो की, हाती येणाऱ्या लहान लहान रकमांतून योग्य वेळी उपयोगी पडेल एवढी मोठी रक्कम कशी उभी करावी.

स्ट्युअर्ट रदरफोर्ड यांनी या प्रश्नाची मांडणी करताना तीन मार्ग सांगितले. आधी थोडे थोडे साठवून शेवटी मोठी रक्कम मिळवणे, हा पहिला. आधी मोठी रक्कम घेऊन नंतर ती थोडी थोडी फेडणे, हा दुसरा. आणि काही काळ भरत राहून मध्येच केव्हातरी रक्कम घेणे व पुन्हा भरत राहणे, हा तिसरा. पहिल्याला बचत व दुसऱ्याला कर्ज म्हणण्याची रीत आहे. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने तिन्हींत करावयाची गोष्ट एकच, ती म्हणजे दररोज थोडे बाजूला काढणे. फरक फक्त मोठी रक्कम केव्हा हाती पडते एवढाच.

रदरफोर्ड यांनी नोंदवलेले विजयवाड्याचे एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील झोपडपट्टीत घरोघर फिरून बचत गोळा करणारी एक स्त्री प्रत्येक गृहिणीला २२० घरांचे एक कार्ड देत असे. प्रत्येक घराला पाच रुपये, याप्रमाणे कार्ड पूर्ण झाले म्हणजे ११०० रुपये होत. त्यांतील १०० रुपये आपली मजुरी म्हणून ठेवून ती १००० रुपये परत करी. म्हणजे या गृहिणींना बचतीवर व्याज मिळत नसे. उलट बचत करता यावी यासाठी त्या स्वतः मोल देत. कोणीतरी नियमाने दारात येऊन मागावे, या गोष्टीला त्यांच्या लेखी किंमत होती.

डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, रदरफोर्ड व ऑर्लांडा रुथवेन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बांगलादेश, भारत व दक्षिण आफ्रिका येथील अडीचशेहून अधिक कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक रोजनिशा अभ्यासल्या आहेत. गरिबाजवळ साठवायला काहीच नसते, हा समज या रोजनिशांनी खोडून काढला. ही कुटुंबे एकाच वेळी ठेव ठेवीत होती, उसने घेत होती, उसने देत होती आणि गटात पैसे भरीत होती. केनियातही २०१२-१३ मध्ये सुमारे ३०० कुटुंबांच्या अशाच रोजनिशा ठेवण्यात आल्या आणि तेथेही हेच चित्र दिसले.

२. चामा : एकाच वर्तुळातील धनको व ऋणको

केनियातील अशा व्यवहारांत ‘चामा’ या संस्थेचे स्थान मोठे आहे. स्वाहिलीत ‘चामा’ म्हणजे मंडळ किंवा संघ. चामा अनेक प्रकारचे असतात. त्यांतील सर्वांत साधा प्रकार म्हणजे आपल्याकडील भिशीच होय. समजा, दहा स्त्रियांनी दर आठवड्याला प्रत्येकी ५०० शिलिंग जमा करण्याचे ठरवले. दर आठवड्याला जमणारे ५००० शिलिंग पाळीपाळीने एकीला मिळतात, आणि दहा आठवड्यांनी फेरी पुरी होते. जिची पाळी पहिली, तिने वस्तुतः ४५०० शिलिंगांचे बिनव्याजी कर्ज घेतले आहे. जिची पाळी शेवटची, तिने ४५०० शिलिंगांची बचत केली आहे. मधल्या सर्वजणी काही अंशी धनको व काही अंशी ऋणको आहेत. बचत व कर्ज यांतील भेद येथे रांगेतील जागेपुरताच उरतो. आणि पुढील फेरीत पाळी बदलली की तोही उलटतो.

या संस्थेचा मानवशास्त्रीय अभ्यास प्रथम क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये व शर्ली आर्डनर यांनी १९६४ मध्ये व्यापक स्वरूपात मांडला. गीर्ट्झ यांच्या मते ही संस्था कृषिप्रधान समाजाकडून व्यापारप्रधान समाजाकडे जाणाऱ्या शिडीची मधली पायरी होती. बँका आल्या की तिची गरज उरणार नाही, असा त्या विवेचनाचा रोख होता. साठ वर्षांच्या अनुभवाने हे अनुमान खरे ठरवलेले नाही. केनियातील चामा बँकांनी नाहीसे झाले नाहीत आणि मोबाइलनेही नाहीसे झाले नाहीत. उलट वर्गणी आता एम-पेसाने भरली जाते. चामाचे काम पैसे जमवण्याइतकेच परस्परांना दिलेला शब्द पाळण्याची सवय टिकवण्याचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या टिकाऊपणाचे नवल वाटत नाही.

३. व्यवहाराची क्रियापदे

भाषेच्या अभ्यासकाला या ठिकाणी थोडे थांबावे लागते. पैसे जमा करणे याला स्वाहिलीत ‘वेका’ हे क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणे’ असा आहे; म्हणजे मराठीत ‘ठेवणे’पासून ‘ठेव’ बनली, तीच कल्पना तेथेही आहे. पैसे काढण्यासाठी ‘तोआ’ हे क्रियापद असून त्यात ‘बाहेर काढणे’ व ‘देणे’ हे दोन्ही अर्थ येतात. गरीब घरात साठवलेले पैसे बहुधा कोणाला तरी देण्यासाठीच बाहेर पडतात, असे ही द्व्यर्थता पाहून कोणी म्हटले तर ते गमतीने खरे ठरेल.

‘कोपा’ म्हणजे उसने किंवा कर्ज घेणे. कर्ज देणे यासाठी वेगळा धातू नाही. ‘कोपा’चेच प्रयोजक रूप ‘कोपेशा’ त्या अर्थी वापरतात, म्हणजे शब्दशः ‘घ्यावयास लावणे’. मराठीतही ‘उसने’ हा शब्द घेणाऱ्याचा व देणाऱ्याचा एकच असून ‘घेणे’ व ‘देणे’ या क्रियापदांनी दिशा तेवढी दाखवली जाते. ‘तुमा’ म्हणजे पाठवणे, आणि त्यापासून साधलेल्या ‘तुमिया’ या रूपाचे ‘एखाद्यासाठी पाठवणे’ व ‘वापरणे’ असे दोन अर्थ होतात. घरखर्चाला योजला जाणारा ‘मातुमिझी’ हा शब्द याच रूपाशी संबद्ध आहे. शब्दांच्या या नात्यांवरून समाजाविषयी सिद्धांत मांडणे धाडसाचे ठरेल. परंतु ठेवणे, देणे, पाठवणे व वापरणे या क्रिया बोलणाऱ्यांच्या मनात एकमेकींपासून फार दूर नाहीत, एवढे मात्र त्यांवरून दिसते.

म्हणींतही हेच अनुभव साठलेले आहेत. ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’, म्हणजे थोड्याथोड्याने माप भरते, ही स्वाहिली म्हण आपल्या ‘थेंबे थेंबे तळे साचे’ची सख्खी बहीण शोभेल. ‘कुकोपा हारुसी, कुलिपा मातांगा’, म्हणजे कर्ज घेताना लग्न आणि फेडताना सुतक, ही दुसरी म्हण ऋणाची बाजू सांगते. व्याजाने पैसे देणाऱ्या खाजगी सावकाराला केनियात बोलीभाषेत ‘शायलॉक’ म्हणतात. शेक्सपिअरचे पात्र तेथे सामान्यनाम होऊन बसले आहे.

४. एम-पेसाची रचना

एम-पेसाचा उगम पाठवणुकीच्या कल्पनेतून झाला नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्होडाफोन कंपनीने ब्रिटिश सरकारच्या विकास निधीच्या साह्याने २००५ मध्ये केनियात जो प्रयोग केला, त्याचा उद्देश सूक्ष्मकर्जाचे हप्ते दूरध्वनीवरून भरता यावेत हा होता. प्रयोगात सहभागी झालेल्या लोकांनी मात्र ते साधन आपल्या गरजेप्रमाणे वापरले. ते एकमेकांना आणि दूरच्या आप्तांना पैसे धाडू लागले. योजकांनी हा संकेत ओळखला, आणि सफारीकॉम या कंपनीने २००७ मध्ये सेवा सुरू केली ती घरी पैसे पाठवण्याचे साधन म्हणून.

तिची रचना साधी आहे. ग्राहक जवळच्या दुकानातील प्रतिनिधीला रोख रक्कम देतो. या प्रतिनिधीला स्वाहिलीत ‘वाकाला’ म्हणतात. आपल्या ‘वकील’ या शब्दाशी त्याचे अरबी मूळ एक आहे. प्रतिनिधी आपल्या खात्यातील तितकीच रक्कम ग्राहकाच्या खात्यावर चढवतो आणि तसा लघुसंदेश दोघांनाही येतो. पैसे पाठवताना ग्राहक गुप्त क्रमांक देतो. ज्याला पैसे मिळाले तो आपल्या गावातील प्रतिनिधीकडून रोख घेतो. ग्राहकांच्या खात्यांवर जेवढी रक्कम दिसते तेवढी बँकांमधील विश्वस्त खात्यांत ठेवलेली असते. पैसे ठेवण्यास आकार पडत नाही. पाठवण्यास व काढण्यास पडतो. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय पद्धत मूलतः एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात पैसे नेते. केनियात बँक खाते नसतानाही व्यवहार होऊ शकतो, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

केनियातील मध्यवर्ती बँक व तिच्या सहयोगी संस्था यांच्या पाहणीनुसार औपचारिक वित्तसेवा वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००६ मध्ये २६.७ टक्के होते. २०२१ मध्ये ते ८३.७ टक्के झाले. या वाढीत मोबाइलवरील पैशाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

५. नात्यांचे जाळे

या साधनाने कुटुंबाला काय मिळाले? विल्यम जॅक व तवनीत सुरी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे उत्तर असे की, आजारपण, पीक बुडणे, रोजगार जाणे यांसारखे संकट आले असता एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोग सुमारे ७ टक्क्यांनी घटला. वापरणाऱ्यांचा मात्र घटला नाही. याचे कारण असे की, वापरणाऱ्यांना संकटसमयी अधिक माणसांकडून, अधिक दूरवरून पैसे येत. म्हणजे यंत्राने गरिबाला नवे उत्पन्न दिले नाही. त्याची माणसे त्याच्या जवळ आणली. २०१६ मध्ये याच दोघांनी असा अंदाज मांडला की, एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील सुमारे २ टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली. या निष्कर्षावर २०१९ मध्ये मिल्फर्ड बेटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कठोर आक्षेप घेतले. वाढत्या कर्जबाजारीपणाचा विचार त्यात झालेला नाही, हा त्यांतील एक आक्षेप होय.

ओल्गा मोराव्चिन्स्की यांनी नैरोबीतील किबेरा ही वस्ती व पश्चिम केनियातील बुकुरा हे गाव यांचा अभ्यास केला. शहरातील पुरुष पूर्वीपेक्षा अधिक वेळा, पण लहान रकमा घरी पाठवू लागले, असे त्यांना आढळले. पैसे घेऊन गावी जाण्याचे कारण उरले नाही, म्हणून नवरे घरी कमी येऊ लागले, अशी चिंताही गावातील स्त्रियांनी बोलून दाखवली. पैसा पोहोचला, पण पैसा आणणारा माणूस आला नाही. या तक्रारीत पुढील विवेचनाचे बीज आहे.

६. बोलण्यावाचूनचे ऋण

उसने मागण्याच्या क्रियेकडे भाषाव्यवहार म्हणून पाहिल्यास तिच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. मराठीत गरजू माणूस प्रथम ‘शब्द टाकतो’. परतफेडीचा ‘शब्द देतो’. वेळेवर जमले नाही तर ‘मुदत मागतो’. आणि मुळीच जमले नाही तर ‘तोंड चुकवतो’. प्रत्येक पायरीचे नाव वाणीवरून किंवा मुखावरून पडलेले आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वचन देणे ही केवळ वर्णनपर उक्ती नसून स्वतःच एक कृती आहे, असे प्रतिपादन आहे. ऋणाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, मुदत मागणे व ती देणे यांनी ऋणाचे स्वरूपच बदलते. आजचे देणे उद्याचे होते, आणि तरीही कोणी शब्द मोडला असे होत नाही. अनियमित उत्पन्नाच्या घराला ही लवचीकता व्याजदराइतकीच मोलाची असते.

एम-पेसाच्या मार्गावर ऋणाचाही प्रवेश झाला, तेव्हा ही लवचीकता पणाला लागली. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘एम-श्वारी’ ही बचतीची व कर्जाची सेवा सुरू झाली. ‘श्वारी’ म्हणजे समुद्राची शांत स्थिती. त्याआधी संभाषणासाठी उधारीवर वेळ देणाऱ्या सेवेला ‘ओकोआ जाहाझी’, म्हणजे ‘जहाज वाचवा’, असे नाव मिळालेच होते. एम-श्वारीचे कर्ज सुरुवातीस ३० दिवसांसाठी असून त्यावर ७.५ टक्के आकार होता. १००० शिलिंगांवर ७५ शिलिंग ही रक्कम डोळ्यांत भरत नाही. परंतु वर्षाच्या हिशेबाने हा दर ९० टक्क्यांच्या घरात जातो. कर्ज किती द्यावे हे ग्राहकाच्या दूरध्वनीच्या व एम-पेसाच्या वापरावरून ठरे. मागण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नसे, आणि अनेकांना याचेच आकर्षण होते.

जानेवारी २०१९ मध्ये ‘फुलिझा’ ही सेवा आली. न थांबता करीत राहणे, असा या क्रियापदाचा अर्थ आहे. खात्यात रक्कम अपुरी असली तरी व्यवहार पुरा होतो. कमी पडलेली रक्कम ऋण म्हणून दिली जाते, आणि त्यावर आकार चढतो. पुढे खात्यात जो पैसा येईल त्यातून हे देणे आपोआप वळते होते. समजा, एका आईवर फुलिझाचे ६०० शिलिंग देणे आहे, आणि मुलाने तिच्या औषधासाठी १००० शिलिंग पाठवले. तिच्या हाती ४०० पडतील. उसने देणारी शेजारीण असती, तर औषध आधी आणून पैसे पुढच्या आठवड्यात दे, असे ती म्हणाली असती. निदान तिला तसे विचारता तरी आले असते. मुलाने पैसे कशासाठी पाठवले हे यंत्राला ठाऊक नाही, आणि ते सांगण्याची सोयही त्यात नाही. नात्याच्या ज्या वाटेने संकटात मदत येत होती, त्याच वाटेवर आता वसुलीचा नाका बसला आहे.

वेगवेगळ्या कंपन्यांनी मोबाइलवरील उपयोजनांद्वारे दिलेल्या कर्जांत याहून विपरीत गोष्ट घडली. काही कर्जदात्यांनी ऋणकोच्या दूरध्वनीतील नावांची यादी मिळवून त्याच्या आप्तांना व परिचितांना फोन करून त्याची अप्रतिष्ठा करण्याचा मार्ग धरला. कर्ज देताना ज्या बोलण्याला जागा नव्हती ते वसुलीच्या वेळी धमकीच्या रूपाने परत आले. डिसेंबर २०२१ मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेविषयीचा कायदा दुरुस्त होऊन असे कर्जदाते तिच्या नियंत्रणाखाली आले, आणि मार्च २०२२ च्या नियमांनी या प्रकाराला मनाई केली.

७. उपसंहार

यावरून जुने ते सर्व चांगले असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बोलून घेतलेल्या ऋणात भीड असते, ओशाळेपणा असतो, आणि ज्याला नाती नाहीत त्याला तेथे दारच नसते. ज्या स्त्रीला पतीपासून लपवून चार पैसे ठेवायचे आहेत तिला मौन पाळणारे खाते शेजारणीपेक्षा विश्वासाचे वाटते. मोबाइलच्या पैशाने हे स्वातंत्र्य दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु ठेवीत मौन हा गुण असला तरी ऋणात तो दोष ठरू शकतो. ठेव ही ज्याची त्याची असते. ऋणाला मात्र दुसरा पक्ष असतो, आणि त्या पक्षाशी बोलता येणे ही ऋणकोची शेवटची मालमत्ता असते. म्हणून अशा सेवांचे मूल्यमापन करताना व्याज किती, वसुली किती, या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारणे अवश्य आहे: मुदत मागता येते काय, आणि ती कोणाकडे व कोणत्या भाषेत?

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मोबाइलवरील कर्ज-उपयोजनांना ग्राहकाच्या संपर्कयादीत शिरण्यास मनाई केली. २०२३ मध्ये पूर्वमंजूर कर्जे यूपीआयला जोडण्यास अनुमती दिली. आणि एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने असा दंडक घातला की, कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ऋणकोला समजेल अशा भाषेत असावे व ते त्याला समजावून सांगावे. समजेल अशी भाषा म्हणजे कोणती, हे ठरवण्याचे काम केवळ अर्थशास्त्र्याचे व विधिज्ञाचे नाही. आकार, मुदत, थकबाकी, वळते करणे हे शब्द रोजंदारीवरील बाईच्या कानी पडतात तेव्हा तिला त्यांतून काय कळते, याचा पद्धतशीर शोध मराठीत घेता येण्याजोगा आहे. त्या शोधावर तिचे आठवड्याचे धान्य अवलंबून आहे.